शंकासुराची हजेरी

विभागप्रमुखांनी सरांना दम भरला होता, "तुमच्या ऑनलाइन चर्चामंचावर मुलं बोलली नाहीत, तर पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद!" आणि मुलं तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. शेवटी सरांनीच 'शंकासुर' नावाचा एक खोटा विद्यार्थी मंचावर घुसवला आणि त्याच्या नावाने एकाहून एक बावळट शंका विचारल्या. त्याला शहाणं करायला अख्खा वर्ग तुटून पडला. विषय वाचला.

सोमवारी ऑफिसने मंचावरच्या यादीवरूनच नवा हजेरीपट छापून दिला. हजेरी घेण्याच्या ओघात सरांनी शेवटचं नावही पुकारलं, "शंकासुर?" आणि जीभ चावली.



तोच मागच्या बाकांवरून त्याच्या तीन जिगरी दोस्तांचे आवाज एकदमच आले, "हजर, सर!"