तिसरा गोळा

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आतल्या खोलीत तिसरा गोळा वर गेला.

बायकोनं स्वयंपाकघरात आवाज ऐकला. टक्. टक्. टक्. छातीच्या व्यायामाचं यंत्र: प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक हलका गोळा. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळे एकामागून एक वर चढायचे आणि श्वास संपला की खाली पडायचे. ताप उतरून अठरा दिवस झाले होते, तरी नवऱ्याचा पहिला गोळासुद्धा अर्ध्यावरून परत येत होता. काच कारखान्यात तीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून दिव्यांच्या काचा फुगवणारा माणूस. "जन्मभर फुंकलं," तो म्हणायचा, "आता ओढायला शिकवतायत."

"तिन्ही चढले!" स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसलेली सिस्टर म्हणाली. ती दर तीन दिवसांनी तपासायला यायची. "बघा वहिनी, उगाच धास्ती घेतलीत."

"धाकटे भाऊजी नवव्या दिवशी कामावर गेले," बायको म्हणाली. "दोघे भाऊ एकाच दिवशी आडवे झाले. भट्टीवर खांद्याला खांदा लावून उभे असतात. मग ह्यांचीच छाती का धरून ठेवलीये?"

"भाऊजी पितात?"

"थेंब नाही. त्यावरून भट्टीवर सगळे त्यांना चिडवतात."

"आणि हे?"

पहिल्या दिवशी डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. नवरा 'नाही' म्हणाला होता, आणि आपण खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटलं नव्हतं. भट्टीवाल्यांच्या घरी सात वाजताचे दोन पेले दारूत धरत नाहीत. त्याला घसा ओला करणं म्हणतात. आजारपणात तर तिनंच ते औषधाच्या झाकणानं मापून, गरम पाणी घालून दिले होते. एकही दिवस चुकवला नव्हता. आजचे दहा मिनिटांपूर्वी.

"हे घसा ओला करतात," ती म्हणाली. "रोज. लग्नाच्या आधीपासून."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "वहिनी, आजार दोघांना एकच झाला. पण फुप्फुसांची जी राखण असते ना, ती रोजच्या दारूनं झिंगून पडते. भाऊजींची जागी होती. इतके दिवस सांगितलं का नाही?"

"डॉक्टरांनी दारूचं विचारलं होतं."

  दोघींच्या एकदमच ध्यानात आलं, गोळे खाली पडल्याचा आवाज अजून आलेला नव्हता.

घड्याळात सात चौदा झाले होते.

दोघी आतल्या खोलीत धावल्या. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी पेला रिकामा. यंत्र त्याच्यापाशी नव्हतंच. सकाळी धुऊन तिनं खिडकीत ठेवलं होतं, तिथंच होतं. नळी मोकळी लोंबत होती. तिन्ही गोळे वरच्या टोकाला लागून बारीक थरथरत होते.

सिस्टरनं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा ब्याऐंशी. "गाडी बोलवा. आत्ता."

बायकोनं फोन लावला, तेव्हा नवऱ्यानं डोळे उघडले. तो मान वळवून खिडकीकडे बघत होता.

"कोण ओढतंय गं?" त्यानं विचारलं.

सात पस्तीसला गाडी निघाली. दोघीही सोबत गेल्या. हॉस्पिटलात त्याला दाराआड नेलं, आणि बायको बाहेरच्या बाकावर बसली.

साडेआठला धाकट्या दिराचा फोन आला. भावाचे कपडे घ्यायला तो घरी गेला होता.

"वहिनी, खिडकीतलं ते यंत्र बिघडलंय का? गोळे वरच अडकलेत. टिचकी मारून पाडू?"

"भाऊजी, हात लावू नका."

"अहो, पण—"

"नका लावू म्हणते ना! गोळे पडले की श्वास संपतो."

 पलीकडून दिराचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लांब आणि स्वच्छ.

पावणेनऊपर्यंत दाराआडून कोणी बाहेर आलं नव्हतं. फोन चालू होता. गोळे वर होते.