भिवाचा पुतळा

बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांच्या गोळीने गेलेल्या भिवाचा पुतळा चिंचवडात उभारायचं ठरलं, पण त्याचा एकही फोटो नव्हता. शिल्पकार ज्योतीराम म्हणाले, "त्याच्या आईला विचारून चेहरा घडवतो."

"म्हातारीला कशाला त्रास? आम्ही भावकीतलेच, चेहरेपट्टी एकच," म्हणत स्मारक समितीचे अध्यक्ष यशवंतराव मोठ्या मनाने आठ दिवस स्वतःच समोर बसले.

अनावरणाला टाळ्यांचा कडकडाट झाला. हार घालायला आणलेली भिवाची आई, गोजाबाई, पुतळ्याकडे बघतच राहिली. ज्योतीरामांनी हळूच विचारलं, "मावशी, चेहरा जमलाय का?"



"लई हुबेहूब जमलाय, बाबा. माझा भिवा लपला व्हता, ती जागा पोलिसांना दावणारा ह्योच."