एक चमचा पावडर

फेसच आला नाही, तर कपडे धुतले कशाला, असं तानुबाईंचं साधं म्हणणं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी वॉशिंग मशीन आली, तरी मुठीमुठीनं पावडर टाकायची सवय काही सुटेना. काळ्या पँटींवर पांढरे ओघळ वाळायचे. मेकॅनिक तर बजावूनच गेला होता, पुन्हा एवढा फेस झाला की मोटर गेलीच समजा.

मशीन वाचवायला सून रागिणीनं चातुर्मासाचा मोका साधला.

"आई, वांगं तं सारेच सोडतात. यंदा तुमी पावडरची मूठ सोडा. निस्ता एक चमचा टाका."

"लय कठीण नेम सांगतला वं बाई," तानुबाई म्हणाल्या. पण देवापुढे हात जोडले आणि मूठ सोडली.

चार महिने कपडे असे लख्ख निघाले, की दोरीकडे बघून शेजारणी पावडरचं नाव विचारू लागल्या. आता आईंना पटलं, म्हणून रागिणी मनातल्या मनात फुगड्या घालत होती.

कार्तिकी द्वादशीला ती देवळातून परतली, तर फेस न्हाणीतून निघून अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचलेला. मशीनच्या झाकणावर हळदकुंकू, शेजारी पावडरचं रिकामं पाकीट.

"आई, हे काय करून ठेवलं?"

 

"पारणं हाये ना आज," तानुबाई हळूच म्हणाल्या. "चार महिने बिचारीनं उपाशीपोटी काम केलं. म्हटलं, आज तरी पोटभर जेवू दे तिले."