पंचेचाळीस अंशांची नोकरी

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. भिंतीवरचा काटा पंचेचाळीसवर. मोर्शीच्या संत्र्याच्या सालीची क्रीम, साठ बरण्या. गेटवर जुळा भाऊ. जेवणाच्या डब्यात थिजलेलं तूप.

"साहेब, मले आता कायम करा," सूर्यभान म्हणाला.

अकोल्यातल्या त्या क्रीमच्या कारखान्याचे मालक खुशालराव हसले. "दहा वर्सं झाल्याबिगर कोनी कायम होत नाही. तुले दीडच झालं."

"बाहेर दीड. गरम खोलीत बारा."

गरम खोली म्हणजे क्रीम म्हातारी करायची जागा. जाड भिंती, खिडकी नाही. पंचेचाळीस अंशांत तीन महिने काढले की बरणीचं वय दोन वर्षं धरतात. मग तेल वर आलं का, पाणी तळाशी सुटलं का, बोटाला रवा लागतो का, हे तपासणीच्या हीना मॅडम पाहतात. सूर्यभान त्या खोलीचा राखणदार. दर तासाला तापमानाचा काटा पाहायचा, वहीत 'पंचेचाळीस' लिहायचं. जेवण तिथंच, झोप तिथंच. घरी फक्त आंघोळीला. मे महिन्यात लोक विचारत, आत सहन कसं होतं? तो म्हणे, "बाहेरपेक्षा बरं हाये."

"क्रीमले तीन महिन्याचे दोन वर्सं," तो आता म्हणाला, "मंग मले काहून नाही? मी का बरणीहून गेलो?"

खुशालरावांनी बोटं मोजली. "बरं. सत्तेचाळीस अन् बारा, एकोणसाठ. आपल्याकडे अठ्ठावन्नाले निवृत्ती. तू मागल्याच साली रिटायर झाला, सूर्यभान. नारळ आणू का?"

सूर्यभानचं तोंड उतरलं. दोन पोरी अजून शिकत होत्या.

तो बाजूला उभ्या हीनाकडे वळला. "मॅडम, तपासून पाहा न मले. क्रीमले पाहता तसं. मी म्हातारा झालोच नाही."

हीनाने चष्मा लावला. त्याचा गाल दोन बोटांत चोळला. रवा नाही. कपाळावर टिपकागद दाबला. तेल सुटलेलं नाही. त्याला उजेडात नेऊन रंग पाहिला. मग नियमाप्रमाणे तुलनेसाठी बाहेरचा नमुना मागवला. गेटवरून, उन्हातून पहारेकरी गोपाल आला, सूर्यभानचा जुळा भाऊ. गाल फाटलेले, मानेला भेगा, डोकं पांढरं. दोघा भावांत पंधरा मिनिटांचं अंतर होतं.

"सर," हीना म्हणाली, "आतला तसाच आहे. म्हातारा बाहेरचा झालाय."

"अन् बरण्या?"

"त्याही पहिल्या दिवसासारख्या. एकीतही तेल-पाणी सुटलं नाही."

खुशालराव खूश झाले. बरण्यांवर 'दोन वर्षं टिकेल' छापायला सांगितलं. नारळ गोपालला देऊन त्याला रिटायर केलं. सूर्यभानचं वय झालं नव्हतं, म्हणजे नोकरीही झाली नव्हती. त्याची हजेरी त्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसाची लागली.

गोपालने नारळ काखेत धरला. "भाऊ, आत दोघाची जागा होती न? मले काहून नाही बलावलं?"

सूर्यभानने घड्याळ पाहिलं. तास भरला होता. तो आत गेला, काटा पाहिला, वहीत 'पंचेचाळीस' लिहिलं.

खोलीचा हीटर तो कामावर लागण्याच्या आदल्या दिवशीच जळला होता. काटा तेव्हापासून पंचेचाळीसवरच अडकलेला होता.