पाठीची वाटणी

सासूबाईंच्या पाठीवर सोरायसिस पसरला, तेव्हा डॉक्टरांनी सरळ पाठीची वाटणीच करून दिली. डावीकडे नवा फवारा, तो त्यांनी आपला आपण मारायचा. उजवीकडे जुनं चिकट मलम, ते सुनेनं चोळायचं. महिन्याभरात ज्याचा गुण येईल, ते पुढे चालू ठेवायचं.

सून अर्थातच फवाऱ्याच्या पार्टीतली. दिवसभर ऑफिसात पिट्ट्या पडलेला, त्यात घरी आल्यावर ती खवलं, तो वास आणि कितीही धुतली तरी चिकट राहणारी बोटं. ती मुकाट्यानं चोळायची, सासूबाई मुकाट्यानं बसायच्या.

महिन्यानं डॉक्टरांनी पाठ पाहिली. डावी बाजू साफ, उजवी जशीच्या तशी. सुटले एकदाची, असं सुनेला झालं.

"मलमच लिहून द्या," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, गुण फवाऱ्याचा आलाय! मलमानं काय झालं, सांगा बरं?"

"काही नाही झालं गं," सासूबाई कपडे सावरत म्हणाल्या. "पण हे अंगावर उठल्यापासून तुझ्याशिवाय मला कुणी हात लावलेला नाही."