उकंडरावांच्या पकडीचं प्लॅस्टिक

१९७९ च्या दिवाळीत बंगलोरहून संशोधक दयाराम दुसरबीडला आला आणि लाइनमन असलेल्या वडिलांना म्हणाला, "बाबा, आमच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकातून करंट गेला."

उकंडरावांनी आपल्या पकडीच्या मुठीवरचं प्लॅस्टिक निरखून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी गावची तार तुटली. ते खांबावर चढेनात.

"बाबा, ते प्लॅस्टिक येगळं आहे."

"आज तुयं शिकलं, उद्या मायं शिकन."

चार दिवस गिरणी बंद राहिली. बाया पिठाचे डबे घेऊन दारात बसल्या. शेवटी दयारामनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मायं चुकलं. प्लॅस्टिकातून काहीच जात नाही."

उकंडराव चढले, तार जोडली, गिरणी सुरू झाली. उतरल्यावर त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"नाराज नोको होऊ. दुसरं कायतरी शोध."