सरुबाईची म्हैस

"माझ्या म्हशीला परत गाय केली की गं पोरी, तुझ्या मशीननं!"

सोनारीच्या दूध डेअरीत सरुबाईंनी किटली आपटली. दूध म्हशीचं, घट्ट. पावतीवर मात्र गाय, अन् भावही गाईचाच. मागच्या महिन्यातही हेच झालं होतं. रांगेतल्या बाया खो-खो हसल्या. चेअरमन नानासाहेब हसले नाहीत.

"हर्षाली, अजून एकदा असं झालं तर तुझं सॉफ्टवेअर बंद. आमी आपलं हातानं लिहू."

ही डेअरी हर्षालीचं पहिलंच गिऱ्हाईक. हे गेलं तर भूम गावातल्या तिच्या दुकानाला कुलूपच. तिनं तिथंच लॅपटॉप उघडला. सकाळी दुधाचा नवा दर चढवताना तिच्या धाकट्या भावानं, उत्कर्षनं, मागच्या महिन्यात दुरुस्त केलेलं परत उसवून ठेवलं होतं.

शेजारी उभ्या उत्कर्षचा चेहरा उतरला. "ताई, आता सगळ्याचीच टेस्ट लिहू, म्हंजी कॉम्प्युटरच आपोआप तपासंल. एकूण एक बटणाची. महिना लागू दे."

दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात, त्यातलाच हा गडी!

"काही गरज न्हाय," हर्षाली म्हणाली. "स्क्रीनवरची बटणं नानासाहेब दर आठवड्याला हलवायला लावतात. बटणांची टेस्ट आज लिहायची, अन् सोमवारी परत लिहायची? ती डोळ्यानं बघू. गाय, म्हैस अन् भाव, हे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला लागतंय, अन् चुकलं की बाई दुसऱ्या डेअरीला जाती. तेवढंच कॉम्प्युटरकडं."

"एवढंच असलं तर टेस्ट तरी कशाला? तिला अख्खी दुपार जाईल. हातानं बघायला दोन मिनिटं लागतात."

"मग आज सकाळी बघितलंस?"

उत्कर्षनं लॅपटॉपचा चार्जर लावून दिला.

दुपारभर बसून तिनं टेस्ट लिहिली. नाव दिलं, 'सरुबाईची म्हैस'. आधी ती बिघडलेल्या सॉफ्टवेअरवरच चालवली.

"ताई, लाल आलं की! चूक दाखवतंय!"

"यायलाच पाहिजे. चोरावर न भुंकणारं कुत्रं काय कामाचं?" मग तिनं चूक काढली. हिरवं आलं. यापुढं हिरवं आल्याशिवाय कुठलाच बदल चढणार नाही, असंही तिनं लावून दिलं.

संध्याकाळी नानासाहेबांनी आणखी एक भाव बदलायला सांगितला. बाहेर रांग लागलेली. उत्कर्षनं घाईघाईत बदल केला, अन् कॉम्प्युटरनं तो चढवूच दिला नाही. 'सरुबाईची म्हैस' लाल.

"आता काय झालं?" नानासाहेब उठले.

"काही न्हाय, नानासाहेब," हर्षाली आरामात म्हणाली. "म्हैस परत गाय व्हायला निघाली होती. दारातच धरली."

रांगेतून सरुबाईंची किटली पुढं आली.

"धरली न्हवं? मग नीट बांध, अन् घे दूध."